उशाखालचा खडा

दिवाळी आठ दिवसांवर आली की आमच्या घरातील गाद्या-उश्या अंगणात येतात. घाटनांदूरचे त्या दिवसांतले ऊन मोठे समजूतदार असते. ते अंग भाजत नाही; कापसात मुरलेला पावसाळा मात्र दोन दिवसांत काढून टाकते. गेल्या वर्षी आक्काची उशी झटकताना अभ्र्यातून काहीतरी निसटले आणि टणकन फरशीवर आपटले. उचलून पाहतो तो एक काळाकुट्ट खडा. सुपारीहून थोडा मोठा, एका अंगाला घासून गुळगुळीत केलेला, दुसऱ्या अंगावर बारीक उभ्या रेघा.

“ठेव तो परत, भाऊ,” आक्का ओसरीवरून म्हणाली, “नातीनं दिलाय. झोपताना मुठीत धरायचा असतो.”

“आणि धरून काय होतं?”

“झोप लागते,” एवढेच म्हणून ती पुन्हा खोबरे किसू लागली.

मी तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. ग्रहणात मुलांदेखत जेवून दाखवले, भानामतीच्या गोष्टींची टर उडवली, राशीचा खडा अंगठीत मिरवणाऱ्या सहकाऱ्यांशी वाद घातले. साडेसातीला भिऊन नीलम घालणाराला मी विचारत असे की शनीसारखा एवढा मोठा ग्रह गुंजभर खड्याला दबतो तरी कसा? आणि आता माझ्याच घरात, माझ्या सख्ख्या बहिणीच्या उशाशी हा खडा! वैऱ्याने मागल्या दाराने घरात शिरावे तसे मला झाले.

रात्री मी पुण्याला आक्काच्या नातीला फोन लावला. पोरगी संगणकाच्या कचेरीत काम करते, हुशार आहे. ती जराही ओशाळली नाही. म्हणाली, “आबा, त्याला ग्राउंडिंग स्टोन म्हणतात. मन फार भिरभिरायला लागलं की तो आपल्याला जमिनीवर आणतो. नको ती ऊर्जा जमिनीत उतरते. तुमच्या विहिरीवरच्या मोटारीला अर्थिंग असतं ना, तसंच समजा.”

खड्यांनी उपचार करणारांचे म्हणणे थोडक्यात असे असते की प्रत्येक खड्याला स्वतःचे एक स्पंदन असते. गुलाबी स्फटिक प्रेमासाठी, जांभळा शांतीसाठी. आणि काळी तुर्मली, हेमॅटाइट, ऑब्सिडियन, धुरकट स्फटिक असले काळसर खडे माणसाला जमिनीशी बांधण्यासाठी. ते पायाशी ठेवतात, खिशात बाळगतात, ध्यानाला बसताना हातात धरतात, आणि त्यांचे नाते मूलाधार चक्राशी सांगतात. मूलाधार हा आपला शब्द परदेशी जाऊन तिथल्या दुकानांच्या पाट्यांवर चढला आणि पुण्यामार्गे घाटनांदूरला परत आला, याची मला मौज वाटली.

दगडांचेही तसेच आहे. आपले घाटनांदूर बालाघाटाच्या माथ्यावर, काळ्या पाषाणावर वसले आहे. साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला आणि थरावर थर साचून हा दख्खनचा दगड झाला. थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पुढे त्या पोकळ्यांतून पाणी झिरपून सुंदर स्फटिक वाढले. अपोफिलाइट, स्टिलबाइट ही त्यांची नावे. महाराष्ट्रातील खाणींत आणि विहिरींच्या खोदकामात निघालेले हे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत गेले आहेत, आणि खड्यांच्या उपचारांच्या दुकानांतही गेले आहेत. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात त्यांचा थाट पाहण्याजोगा आहे. आक्काचा खडा मात्र या जातीचा नव्हता. ती तुर्मली होती, हे मी रेघांवरून ओळखले.

तुर्मलीची एक गोष्ट मी वर्गात सांगत असे. अठराव्या शतकात डच व्यापाऱ्यांनी हा खडा सिंहलद्वीपातून युरोपात नेला. तापवला की त्याच्या टोकांवर विद्युतभार येतो आणि तो हलकी राख ओढून घेतो. म्हणून डच लोक त्याला राख ओढणारा म्हणत आणि चिलमीतील राख काढायला वापरत. तेव्हा हा खडा अगदीच निर्गुण नाही. परंतु त्याचा हा गुण तापमान बदलते तेव्हाच दिसतो आणि तो राखेवर चालतो. मनुष्याच्या काळजीवर चालतो, असे कोणी दाखवून दिलेले नाही. उलट लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजमधील मानसशास्त्रज्ञ क्रिस्टोफर फ्रेंच यांनी 2001 साली एक प्रयोग मांडला, त्याने वेगळेच दाखवले. त्यांनी 80 माणसांना स्फटिक हातात धरून बसवले. काहींच्या हाती खरा स्फटिक होता, काहींच्या हाती नकली. कोणाच्या हाती कोणता, ते त्यांना ठाऊक नव्हते. ऊब वाटणे, झिणझिण्या येणे, मन शांत होणे असे अनुभव दोन्ही गटांनी सारखेच सांगितले. आणि असे वाटेल म्हणून आधी सुचवले होते, त्यांना ते अधिक वाटले.

आमच्या घरात दुसराही एक खडा आहे, तुरटीचा. पावसाळ्यात गढूळ पाण्याच्या हंड्यात तो फिरवला की थोड्या वेळाने गाळ तळाला बसतो. ज्याचा विश्वास आहे त्याच्या हंड्यात बसतो, आणि माझ्यासारख्याच्या हंड्यातही बसतो. तुरटीला आपल्या श्रद्धेची गरज पडत नाही. तुर्मलीला ती पडते. दोन खड्यांतला हा फरक एकदा ध्यानात आला की निम्मा वाद मिटतो.

उरलेला निम्मा अर्थिंगच्या उपमेने मिटावा. आमच्या विहिरीवर वायरमन अर्थिंगचा खड्डा करताना मी उभा होतो. त्यात तो धातूची पट्टी पुरतो, भोवती कोळसा आणि मीठ भरतो, आणि सांगतो की उन्हाळ्यात यात बादलीभर पाणी ओतत जा. खड्ड्यात दगड लागला की त्याचा चेहरा उतरतो. कारण कोरड्या दगडातून वीज जमिनीत उतरत नाही. तिला ओल लागते, एकमेकांना धरून असलेली माती लागते. म्हणजे ज्या अर्थिंगच्या नावावर हा खडा विकला जातो, त्या अर्थिंगला दगड नकोच असतो. हे सुचले तेव्हा मला मोठा आनंद झाला. उद्या सकाळी चहाच्या वेळी हे सारे आक्काला सांगावे आणि तो खडा परसात टाकावा, असे मी ठरवले.

परंतु रात्री अंथरुणावर पडलो आणि पंचाईत झाली. पलीकडच्या खोलीतून आक्काच्या घोरण्याचा आवाज येत होता.

वाचकांना या घोरण्याचे मोल कळावे म्हणून थोडे मागे जायला हवे. आक्काला औसा तालुक्यात दिली होती. 1993 च्या 29 सप्टेंबरला गावोगाव गणपती बोळवले. त्या रात्री उशिरा मिरवणुकीतून येऊन ती आणि तिचा मुलगा अंगणातच आडवे झाले. दाजी आत माळवदाखाली झोपले. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आमच्याकडे घाटनांदूरला मांडणीवरची भांडी खणखणली आणि आम्ही सगळे रस्त्यावर आलो. तिकडे आक्काचे घर काही क्षणांत खाली आले. लातूर आणि धाराशिव या दोन जिल्ह्यांत मिळून हजारो माणसे त्या पहाटे आपापल्या घरांखाली गेली.

मोजमापाने तो भूकंप जगातल्या प्रचंड भूकंपांत बसत नाही. सव्वासहाच्या आसपास होता. माणसे मेली ती दगडाने. हात-दोन हात रुंदीच्या भिंती, दगड मातीत बसवलेले, आणि वर मातीचे जड माळवद. भिंतीला आतून एक थर, बाहेरून एक थर, मध्ये खरपणांची भर. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड नसे. एरवी अशा भिंती गावाला किल्ल्यासारख्या भक्कम वाटत. जमीन हलली तेव्हा त्यांचे दोन्ही थर दोन्हीकडे कोसळले आणि माळवद खाली आले. नंतर इंजिनियर लोकांनी सांगितले ते साधेच होते. भिंतीत जागोजागी आरपार दगड घाला, घराला सगळीकडून पट्टा बांधा. तोच दगड उभा राहील.

दख्खनचे पठार हे फार पुरातन आणि स्थिर, असे मी भूगोलाच्या तासाला सांगत असे. 11 डिसेंबर 1967 ला कोयनेला भूकंप झाला होता, तरी ते धरणाजवळचे प्रकरण म्हणून आमच्या भागात कोणी मनाला लावून घेतले नव्हते. जिच्यावर पाय टेकून आपण बाकी सगळ्या गोष्टींना डळमळीत म्हणतो, ती जमीनच डळमळली. अशा माणसाला ‘जमिनीवर ये’ म्हणून सांगणे म्हणजे काय?

आक्का मुलाला घेऊन माहेरी आली. तेव्हापासून छताखाली तिला धड झोप आली नाही. उन्हाळा-हिवाळा ती ओसरीच्या कडेला पडे, आणि मालगाडी स्टेशनातून गेली तरी उठून बसे. परळीकडून विकाराबादकडे जाणारा हा रस्ता. गाड्या रात्रीही जातात. मी तिला समजावीत असे. भूकंप का होतो, पुन्हा तिथेच होण्याचा संभव किती कमी, आपले घर सिमेंटच्या खांबांवर कसे आहे, हे मी तिला आकृत्या काढून दाखवले. ती सगळे ऐकून घेई, मान हलवी, आणि रात्री पुन्हा उठून बसे. तीस वर्षे माझ्या खऱ्या बोलण्याने जे झाले नाही, ते नातीच्या खोट्या खड्याने दोन महिन्यांत केले होते. आता सांगा, सकाळी उठून तो परसात टाकायचा अधिकार मला आहे काय?

एक मन म्हणे, खोटा आधार हा आधारच नव्हे. तो ऐन वेळी दगा देतो. दुसरे म्हणे, बुडणाराच्या हातात काडी असेल तर ती काडीच आहे हे काठावरून ओरडून सांगण्यात कसला पराक्रम? एक गोष्ट मात्र मी स्वतःशी पक्की केली. हा खडा जर तिला रक्तदाबाची गोळी बंद करायला सांगू लागला, किंवा डॉक्टरकडे जाण्याच्या आड येऊ लागला, तर त्याच क्षणी तो विहिरीत जाईल. अशा ठिकाणी गप्प राहणे हा दयाळूपणा नसून गुन्ह्यात भागीदारी आहे. आक्काची गोळी मात्र रोज सकाळी बिनचूक पोटात जात होती. तेव्हा प्रश्न रात्रीपुरता, झोपेपुरता होता.

विचार करता करता ध्यानात आले की दगडाला धरून धीर घेण्याची रीत काही पुण्याच्या दुकानातून आलेली नाही. ती आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. बाळाच्या बारशाला पाळण्यात आधी वरवंटा घालतात. बाळ तसे टणक व्हावे. लग्नात होमाजवळ वधूचा पाय दगडावर ठेवतात, त्याला अश्मारोहण म्हणतात. या दगडासारखी स्थिर हो, असा त्याचा भाव. आमच्या जवळच परळीला वैजनाथ आहे. नावच वैद्यनाथ, वैद्यांचा स्वामी. आणि तिथे पिंडीला हात लावून दर्शन घेण्याची परंपरा. दुखण्यातून उठलेली किती माणसे त्या काळ्या पाषाणाच्या गारव्यावर तळहात टेकतात! मी स्वतः नास्तिकपणा मिरवणारा. पण आईला घेऊन गेलो तेव्हा तिच्यामागोमाग माझाही हात तिथे टेकला होता, हे इथे कबूल करतो.

मग या दगडांत आणि दुकानातल्या खड्यात फरक कोणता? मला वाटते, आपले जुने दगड काही मागतात. परळीचा दगड वाट चालायला लावतो, रांगेत दहा अनोळखी माणसांबरोबर उभे करतो. बारशाचा वरवंटा दुसऱ्या दिवशी पुन्हा स्वयंपाकघरात कामाला लागतो. लग्नातला दगड वधूकडून शब्दच घेतो. या शेवटच्या दगडाशी माझे भांडणही आहे. कारण स्थिर राहण्याचे वचन तो एकटीकडूनच मागतो, शेजारच्या नवऱ्या मुलाला पाय ठेवायला सांगत नाही. आक्काचा पाय त्यावर ठेवला तेव्हा ती अठरा वर्षांची होती, आणि पुढे आयुष्याने तिच्याकडून ते वचन पुरेपूर वसूल केले. तरीदेखील त्या दगडाभोवती माणसे होती, आणि त्याचा अर्थ त्यांच्यात मिळून ठरलेला होता. तो एकमेकांशी बांधणारा दगड होता, भिंतीतल्या आरपार दगडासारखा. दुकानातला खडा आपल्याकडून पैशाखेरीज काही मागत नाही. तो एकट्याने घ्यावा, एकट्याने मुठीत धरावा, आणि आपली अस्वस्थता त्याने परस्पर कुठेतरी नेऊन टाकावी. ती कशाने आली हेही आपल्याला विचारू नये. माझा त्याच्यावरचा खरा आक्षेप हा आहे. स्पंदनांचा मुद्दा त्यामानाने किरकोळ.

इथवर आल्यावर मला वाटले, आपल्याला उत्तर सापडले. नात रोज रात्री साडेनऊला फोन करते आणि विचारते, “आजी, खडा हातात घेतला का?” झोप आणतो तो हा प्रश्न. खडा हे निमित्त. ओल त्या फोनची आहे. हे आक्काला सांगावे, म्हणजे सत्यही राहील आणि तिचे मनही दुखावणार नाही.

वसुबारसेच्या रात्री आम्ही दोघे ओसरीवर बसलो होतो. कडेला पणती होती. मी घसा साफ करून म्हणालो, “आक्का, खरं सांगू का? त्या खड्यात काही नाही.”

“माहीत हाय मला,” ती म्हणाली.

मी गोंधळलो. तयार केलेले सगळे व्याख्यान जागच्या जागी राहिले. तरी नेटाने फोनचे ते सांगितलेच. तिने शांतपणे ऐकून घेतले.

“ते बी हाय,” ती म्हणाली. मग जरा वेळाने, पणतीकडे पाहत: “तुझे दाजी गेले तवा सगळ्या गावाचं एकाच जागी केलं. कुणाची लाकडं, कुणाची आग, कायबी कळत न्हवतं. जिकडं बघावं तिकडं दगडंच दगडं. पर त्यांच्या नावाचा एक खडा काही कुणी बाजूला काढला न्हाई.”

ती जीवखड्याविषयी बोलत होती. माणूस गेले की सरणाजवळचा एक दगड उचलून घेतात, आणि त्याला गेलेला माणूस समजून दहा दिवस पाणी देतात. दहाव्या दिवशी तो पाण्यात सोडतात. दहा दिवस धरायचे आणि मग सोडायचे. शोकाला एवढी नेमकी मुदत घालून देणारा दुसरा विधी मला ठाऊक नाही. आणि किल्लारीच्या त्या दिवसांत, जिथे दगडांखेरीज काही उरले नव्हते, तिथे एकेका माणसासाठी एकेक दगड वेगळा काढायला सवड आणि शुद्ध कुणाला होती?

“म्हणजे हा खडा तू—”

“पोरीनं हातावर ठिवला, जड लागला. म्हणलं, असू दे.”

मी विज्ञानाचा शिक्षक; पण त्या क्षणी मला दुसरे काही न सुचता शास्त्रच आठवले. म्हणालो, “आक्का, तो दहा दिवसांनी सोडायचा असतो.”

ती हसली. “माहीत हाय रे. तीस वरसं उशीर झालाच हाय. आणिक थोडा होऊ दे.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. ती पलीकडे घोरत होती. सत्य सांगावे की सांगू नये, यावर मी आठवडाभर डोके शिणवले होते, आणि तिला सत्य आधीच ठाऊक होते. तिला भोळी समजून जपायला निघालो, तेव्हाच मी तिचा थोडा अपमान केला होता. आजही मला वाटते की सत्य सांगायला हवे, आपल्या माणसाला तर नक्कीच. मात्र त्याच्या मुठीत काय आहे ते त्याला विचारल्याशिवाय सांगायला जाऊ नये. मी खड्याची परीक्षा केली, तापवण्याचे गुण आठवले, प्रयोग आठवले; ती तो का धरते, एवढे मात्र तिला विचारले नाही. शाळेत एखाद्या मुलाचे उत्तर चुकले तर मी आधी विचारत असे, “तुला हे कसं सुचलं, ते सांग.” घरात ती रीत मी विसरलो.

नातीला हे मी अजून सांगितलेले नाही. सांगायचे की नाही ते आक्काने ठरवावे. ती पोर फोन करते, खडा घेतला का विचारते, आक्का “घेतला” म्हणते. आणि दोघी वेगवेगळ्या गोष्टींविषयी बोलत असूनही त्या बोलण्यात खोटे काही नसते.

यंदा गाद्या उन्हात टाकताना मी अभ्र्यात हात घालून खडा आधीच काढून घेतला आणि आक्काच्या हातात नेऊन दिला. तिने तो पदराला पुसला, उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, “पडला-बिडला न्हाई ना?”